होल्डवरची माती

सी विंगमधल्या क्वालिटीवाल्या साहेबांनी मला वाचवलं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं ते ऐकताना माणूस हसायला लागतो आणि हसण्याच्या नादात मदत करणारा मागं पडतो. साहेब चाकणच्या एका कंपनीत होते, गाड्यांचे सुटे भाग बनतात तिथं. क्वालिटी म्हणजे तयार माल तपासायचा आणि हा चालेल, हा चालणार नाही, असं ठरवायचं. बोलणं कमी. हसणं त्याहून कमी. सोसायटीत लोक त्यांना जरा टरकूनच असत, आणि मी तर सगळ्यांनाच टरकून असतो.

त्यांनी माझ्यासाठी काय केलं? एक पिवळा पुठ्ठा तारेनं खुंटीला बांधला. एवढंच.

मी परभणीकडचा. आठवीनंतर शाळा सोडली आणि पुढं हातात येईल ते काम करत करत इकडं मोशीच्या बाजूला आलो. एका मोठ्या सोसायटीत ठेकेदारामार्फत झाडलोटीला लागलो. कामाबरोबर पाण्याच्या पंपाला लागून असलेली एक खोली मिळाली. मोटर सुरू झाली की खोलीतली भांडी आपोआप वाजायची, पण खोली होती. जूनमध्ये बायको आणि लेक तिथं राहायला येणार होत्या. भिंतीपलीकडच्या शाळेत लेकीचं नाव घालायचं ठरलं होतं. काम गेलं की खोली जाणार, खोली गेली की बायको-लेकीचं येणं राहणार. त्यामुळं त्या दिवसांत कुणी नुसतं ‘दादा, जरा इकडं या’ म्हटलं तरी मला वाटायचं, गेलं काम.

आणि नेमक्या अशा वेळी शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी मला एक काम दिलं, काही न करण्याचं.

त्यांनी सातवीच्या मुलांचा एक प्रकल्प काढला होता. कारखान्यांच्या मधे उरलेल्या मातीत अजून काय काय जिवंत आहे, ते बघायचं. त्यासाठी शाळेच्या आसपास जमिनीचे लहान लहान तुकडे निवडायचे, तिथं पडलेला पाला तसाच कुजू द्यायचा आणि दर शनिवारी भिंग घेऊन त्यात कोणते किडे आले ते बघायचं. आमच्या सोसायटीनं करंजाच्या झाडाखालचा एक चौकोन मोठ्या मनानं देऊ केला. चार खुंट्या ठोकल्या, सुतळी बांधली आणि बाईंनी मला बोलावलं.

“दादा, एवढ्या जागेत काहीही करायचं नाही. झाडायचं नाही, पाणी मारायचं नाही. पान पडलं तर पडू द्यायचं.”

“बरं. मग मी काय करू?”

“काही नाही.”

“म्हणजे लक्ष ठेवू?”

“ठेवा. पण काही करू नका.”

ऐकायला सोपं वाटतं. ज्याला झाडण्यासाठीच ठेवलंय त्याला विचारा. सगळ्या आवारात मी खराटा मारायचो आणि त्या चौकोनाशी आलो की खराटा उचलून पलीकडं ठेवायचो, जणू तिथं कुणी जेवायला बसलंय. दोन दिवसांत लोकांच्या डोळ्यांत यायला लागलं. सकाळी फिरायला निघालेल्या बायका थांबून म्हणायच्या, “अहो दादा, एवढा तुकडा राहिला की.” मी म्हणायचो, “राहू दिलाय.” त्या एकमेकींकडं बघायच्या. एकीनं तर हळूच विचारलं, “बरं नाही का तुम्हाला?”

ठेकेदाराचा सुपरवायझर रोज फोनवर दोन फोटो मागायचा, झाडण्याआधीचा आणि झाडल्यानंतरचा. मी इमानदारीत चौकोनाचेही पाठवले. लगेच त्याचा फोन आला.

“भावा, एकच फोटो दोनदा टाकलाय का?”

“नाही, दोन आहेत.”

“मग फरक कुठंय?”

“फरक करायचा नाही म्हणलेत.”

“कोण?”

“शाळेतल्या बाई.”

“तुला कामाला बाईंनी लावलंय का मी?” मग आवाज उतरवून म्हणाला, “हे बघ राव, एक जरी कंप्लेंट आली ना, तर बॅग भरायची.”

संध्याकाळी गावाकडून बायकोचा फोन.

“काय करायलाव?”

“काही नाही करायचं काम हाय सध्या.”

“मंजे काम गेलं का?” ती घाबरली. ती पण माझ्यासारखीच आहे. तिला समजावता समजावता माझंच डोकं चालेना. मी काम करत होतो की नाही, हे मलाच नीट सांगता येत नव्हतं.

पहिला घोटाळा प्रेमापोटी झाला. ए विंगला एक आजोबा राहतात, इथले मूळचे. सोसायटी जिथं उभी आहे ती जमीन एकेकाळी त्यांच्याच भावकीची. शेती गेली तसे ते भोसरीला कारखान्यात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मी दुपारी भाकरी खायला खोलीत गेलो होतो, तेवढ्यात त्यांनी माझाच खराटा घेऊन चौकोन लख्ख झाडून टाकला. परत आलो तर आजोबा घाम पुसत उभे.

“ऱ्हायलं व्हतं तुझं. म्या केलं,” ते कानाशी येऊन म्हणाले. “तुला काय तरी दुखनं हाय, मला दिसतंय. कुनाला सांगू नगं. आमी हाय ना.”

आता या माणसाला काय बोलणार? मी हात जोडले. शनिवारी मुलं आली तर चौकोनात जमीन चकचकीत. बाईंनी विचारलं, “हे कुणी झाडलं?” आजोबा बाकावर बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघून डोळा मारला, म्हणजे काळजी करू नको, तुझंच नाव होऊ दे. मी खाली मान घालून उभा राहिलो. मग मुलं शाळेच्या अंगणातून डब्यांत भरभरून पाला घेऊन आली आणि चौकोनात पसरली. झाड करंजाचं आणि खाली पाला अशोकाचा. बाई म्हणाल्या, “असू दे, कुजला की सारखाच.”

महिनाभर बरं चाललं. पाल्याखाली ओल धरली. मुंगळे आले, गोगलगाई आल्या, हात लावला की पैशासारखा गोल होणारा तो वाणी किडा आला. मुलांचा नुसता कल्ला. मग शाळेकडून निरोप आला की येत्या शनिवारी मुख्याध्यापक आणि दोन पाहुणे प्रकल्प बघायला येणार आहेत.

आमचे चेअरमन स्वतः कंपनीत प्रॉडक्शनला. निरोप वाचून ते म्हणाले, “म्हणजे ऑडिट.”

हा शब्द आमच्या भागात साधा नाही. घराघरातला माणूस कुठल्या ना कुठल्या कंपनीत जातो आणि ऑडिट म्हटलं की त्याचे हात आपोआप चालू लागतात. तिथं बाहेरून तपासणीला माणसं येणार असली की आधी सगळा कारखाना धुऊन, रंगवून, पाट्या लावून तयार ठेवतात. रविवारी सकाळी दहा-बारा जण जुने टी-शर्ट घालून खाली उतरले. एकानं चौकोनाभोवती पिवळा पट्टा मारला, कंपनीत मशिनभोवती असतो तसा. एकानं पाटी आणली: कीटक विभाग. सुतळीला दोन बाण लावले, एक आत येण्याचा, एक बाहेर जाण्याचा. मोठी पानं एका बाजूला, लहान पानं दुसऱ्या बाजूला, अशी लावून ठेवली. गोगलगाई मधोमध होत्या त्या कडेला सरकवल्या, कारण मधला रस्ता मोकळा पाहिजे. मी दुरून बघत होतो. लोक इतक्या मनापासून राबत होते की थांबवायला जीभच उचलेना. आजोबा खुशीत म्हणाले, “बघ, आता समदे तुझ्या मदतीला आले.”

आणि शुक्रवारी फवारणीवाला आला. त्याची महिन्याची फेरी होतीच, पण चेअरमननी त्याला मुद्दाम सांगितलं, “इथं जरा जास्त मार. पाहुणे येणारेत, कुणाला काही चावायला नको.” यावेळी मात्र मी पुढं झालो. म्हटलं, “इथं नका मारू, हे किड्यांसाठीच आहे.” फवारणीवाल्यानं आधी पाटी बघितली, मग मला बघितलं. “किड्यांसाठीच तर मारतोय,” तो म्हणाला आणि नळी सोडली.

शनिवारी मुलं, बाई, मुख्याध्यापक, पाहुणे, सगळे चौकोनाभोवती बसले. एका मुलीनं पान उचललं, भिंग लावलं आणि म्हणाली, “बाई, सगळे झोपलेत.”

बाईंचा चेहरा बघवत नव्हता.

चेअरमन पुढं झाले. “मॅडम, स्वच्छता शंभर टक्के आहे.”

“साहेब, आम्ही किडे बघायला आलो होतो.”

“ते होते ना. कालपर्यंत होते. आम्ही काढले.”

पाहुण्यांपैकी एकजण खोकण्याचं निमित्त करून भिंतीकडं वळला. मुख्याध्यापक म्हणाले की शाळा प्रकल्पासाठी दुसरी जागा बघेल, आणि मुलांना घेऊन निघाले; बाई तेवढ्या मागं थांबल्या. चेअरमनना भर गर्दीत हे लागलं. आता कुणावर तरी ते निघणारच होतं. “तुझ्या ताब्यात दिलं होतं ना हे? तुला सांगता आलं नाही?” मी सांगितलं होतं, पण ते सांगायला तोंड उघडलं तर तोंडातून नुसतं “हो” आलं. घाबरलो की माझं असंच होतं. त्यांनी तिथूनच फोन लावला. अर्ध्या तासात सुपरवायझर मोटारसायकलवर हजर. “बोललो होतो ना? सोमवारपासून दुसरा माणूस येईल. खोली उद्या रिकामी कर.”

बायकोला काय सांगायचं, एवढंच डोक्यात फिरत होतं. लेकीच्या शाळेचा दाखला काढायला ती त्याच दिवशी गेली होती.

तेवढ्यात फाटकाबाहेर कंपनीची बस थांबल्याचा आवाज आला आणि पहिली शिफ्ट संपवून साहेब आत आले. गर्दी बघून थांबले. काय झालं ते चेअरमननी सांगितलं, बाईंनी सांगितलं, आजोबांनी वेगळंच सांगितलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चौकोनाशी उकिडवे बसले, माती चिमटीत धरून बघितली. मग विचारलं, “ही माती ओके आहे का रिजेक्ट?”

मग ते बाईंकडं वळले.

“मॅडम, तुमच्या हिशेबानं?”

“यात पुन्हा जीव येतील की नाही, वाट बघावी लागेल,” बाई म्हणाल्या.

“चेअरमन साहेब, तुमच्या?”

“आता… बघावं लागेल.”

“म्हणजे निर्णय झालेला नाही.” साहेब उठले, बॅगेची चेन उघडली आणि आतून पुठ्ठ्याचा एक पिवळा टॅग काढला. त्यांच्याकडं ज्या मालाचं चालेल-नाही अजून ठरलेलं नसतं त्याला हा टॅग बांधतात. त्याला होल्ड म्हणतात. होल्ड लागला की तो माल कुणी हलवायचा नाही, वापरायचा नाही, टाकायचाही नाही. साहेबांनी बॅगेवर ठेवून पेनानं लिहिलं. मालाचं नाव: माती. कारण: निर्णय बाकी. जबाबदार व्यक्ती, या ओळीशी ते थांबले आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “पूर्ण नाव सांगा.”

मला वाटलं पोलिसात देतात. सांगितलं. त्यांनी लिहिलं, खाली सही केली, तारेनं टॅग खुंटीला पिरगळून बांधला.

“आता यांना कसं काढणार? होल्डचा माणूस आहे,” ते सुपरवायझरला म्हणाले आणि लिफ्टकडं चालू लागले.

मी शपथेवर सांगतो, माझ्यासमोर चेअरमननी चौकोनात पडलेलं आपलं पाऊल हळूच मागं घेतलं. सुपरवायझर दोन क्षण टॅगकडं बघत राहिला. “होल्ड आहे होय,” तो म्हणाला. “मग बघू नंतर.” तोही आधी कंपनीतच होता.

जे बाईंच्या विनवणीनं झालं नाही, सुतळीनं झालं नाही, ते त्या पुठ्ठ्यानं केलं. आजोबा रोज सकाळी टॅग वाचायचे आणि खराट्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. “मला बी ठावं हाय होल्ड. कंपनीत एकदा हात लावला व्हता, तिथल्या साहेबानं सात पिढ्या काढल्या व्हत्या.” फवारणीवाला आला, तर तीन जण वेगवेगळ्या गॅलऱ्यांतून ओरडले, “ए, होल्ड आहे तिथं!” पोरांचा चेंडू आत गेला तर पोरं सुतळीशी उभी राहून हळहळायची, पण आत कुणी पाय टाकेना; शेवटी त्यांनी नवा चेंडू आणला. आणि एकदा वारं सुटलं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या वहिनींचा टॉवेल उडून बरोबर चौकोनात पडला. गुलाबी होता. तो तिथंच राहिला. वहिनी रोज येता-जाता मला विचारायच्या, “दादा, माझा टॉवेल कधी सुटणार हो?” मी म्हणायचो, “साहेबांना विचारावं लागेल.” त्या साहेबांना विचारायला घाबरत होत्या. शेवटी बाईंनीच सांगितलं की टॉवेलखाली ओल धरून गांडुळं आलीत, तेव्हा आता तो राहू द्या. वहिनींनी मोठा श्वास सोडला. “मग असू दे,” म्हणाल्या. “चांगला होता पण.”

हो, शाळेनं शेवटी आमची जागा सोडली नाही. पुढच्या शनिवारी बाई एकट्याच बघायला आल्या आणि त्यानंतर मुलांना घेऊन येऊ लागल्या. फवारणीनंतर मेलेल्या मातीत जीव कसे परत येतात, हाच आता त्यांचा विषय झाला. ताथवड्याच्या एका कॉलेजात त्याचं प्रदर्शन भरलं, तेव्हा बाईंनी मलाही नेलं. तक्त्यावर लिहिलं होतं, सोसायटीचा सहभाग, आणि खाली मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा. एका परीक्षकांनी विचारलं, “तुम्ही यात नेमकं काय केलंत?” मी म्हटलं, “काही नाही केलं, सर.” “नाही पण, रोज काय करायचात?” “रोज काही नाही करायचो.” त्यांनी मान हलवून काहीतरी लिहिलं. शाळेला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं.

जूनमध्ये बायको आणि लेक आल्या. लेकीचं नाव शाळेत घातलं. मोटर सुरू झाली आणि भांडी वाजली तेव्हा बायको पहिल्या दिवशी घराबाहेर पळाली. आता भांडी वाजली की ती म्हणते, पाणी आलं.

मग साहेबांची बदली झाली, दुसऱ्या राज्यात. सामानाचा टेम्पो भरत होता तेव्हा मी धीर करून विचारलं, “साहेब, तो टॅग?”

“राहू दे. लावणाऱ्यानंच काढायचा असतो.”

“पण तुम्ही तर चाललात.”

“हो,” ते म्हणाले आणि टेम्पोवाल्याला फ्रिज आडवा ठेवू नको म्हणून ओरडले.

ते गेले आणि पुढं काही महिन्यांनी सोसायटीनं ठेकेदार बदलला. नवीन ठेकेदार स्वतःची माणसं घेऊन येतो, तशी रीतच आहे. जुन्या सगळ्यांना जायला सांगितलं. मलाही. त्या दिवशी संध्याकाळी करंजाखाली कमिटीची बैठक बसली. नव्या ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “सगळे नवे देतो, एकदम ट्रेनिंग झालेले.” चेअरमन म्हणाले, “चालेल. फक्त एक अडचण आहे.” आणि त्यांनी टॅगकडं बोट केलं. पावसानं पुठ्ठा फिकट झाला होता, पण माझं नाव वाचता येत होतं.

“होल्ड चालू असताना जबाबदार माणूस बदलता येत नाही,” चेअरमन म्हणाले.

“मग होल्ड काढा ना,” ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

“लावणाऱ्यानंच काढायचा असतो,” चार जण एकदम बोलले.

“लावणारा कुठंय?”

फोन लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा. पलीकडं मशिनचा आवाज, त्यातून साहेबांचा. सगळं ऐकून ते म्हणाले, “फोनवर होल्ड रिलीज होत नाही हो. माल डोळ्यांनी बघावा लागतो.”

“मग कधी येताय?”

“बघतो. इथं जरा मोकळा झालो की.”

“तोपर्यंत?”

“तोपर्यंत होल्ड.”

ठेकेदाराचा माणूस एकेकाच्या तोंडाकडं बघत होता, कुणी हसतंय का म्हणून. कुणी हसत नव्हतं. “अहो, ही माती आहे,” तो म्हणाला. आजोबा म्हणाले, “व्हय, पन होल्डवर हाय.” शेवटी त्यानं माझं नाव आपल्या माणसांत लिहून घेतलं. अख्ख्या आवारात जुना माणूस म्हणून मी एकटाच उरलो.

नंतर मी साहेबांना एकट्यानं फोन केला. विचारलं, “तुम्हाला हे सगळं आधीच माहीत होतं का?”

“काय माहीत?”

“माझं नाव टाकलं ते.”

“ती ओळ रिकामी ठेवता येत नाही,” ते म्हणाले. “टॅग अपूर्ण राहतो.” मग म्हणाले, “लेक शाळेत जाते ना?”

“जाते, साहेब.”

“बरं.” आणि मग, उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोलावं तसं म्हणाले की तिकडं सगळं बरंय, फक्त चांगली ज्वारी मिळत नाही, भाकरी तुटते, घरात सगळे वैतागलेत.

आमच्याकडची शाळू ज्वारी कशी असते, ते आमच्याकडच्यांनाच माहीत. पीठ मळलं की लोण्यासारखं, आणि भाकरी टम्म फुगते. तिकडं गाडी कुठून जाते, मला ठाऊक नाही. पोतं घेऊन चढू देतात का, तेही ठाऊक नाही, आणि अनोळखी स्टेशनवर उतरायची आत्तापासूनच भीती वाटते. पण यंदा नाही तर पुढच्या साली, कधीतरी, ज्वारी निघाली की एक पोतं डोक्यावर घेऊन मी साहेबांच्या दारात जाणार आहे. बायको सोबत येईल म्हणाली. पहिली भाकरी तीच थापून देणार आहे.